दिवाळीनंतर घराची गाडी रुळावर कशी आणायची (सोमवारची वाट न बघता)

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आकाशकंदील अजून गॅलरीत लटकतोय आणि घरातलं एकेक माणूस सकाळी साडेआठला डोळे चोळत उठतंय. आमच्याकडे दरवर्षी हेच. गंमत म्हणजे नरकचतुर्दशीला हीच मंडळी पहाटे साडेचारला उठून तेल-उटणं लावून पाटावर बसलेली असतात, कारीट आधी कोण फोडणार यावरून भांडतात सुद्धा, आणि आठवडा व्हायच्या आत यांना सातच्या अलार्मचा आवाज ऐकू येत नाही.

मी डोंबिवलीला राहते, ऑफिस सीएसएमटीजवळ, एक मुलगा आठवीत आणि मुलगी चौथीत, सासर चिपळूणकडे. म्हणजे दिवाळीत गावाला जायचं, आठ-दहा दिवस मनसोक्त जागायचं खायचं गप्पा मारायच्या, मग रात्रभर तुतारी एक्सप्रेसने परत यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम लोकल, डबे, शाळा. हे दरवर्षी करून करून जे काही जमलंय आणि जे अजिबात जमलेलं नाही ते लिहितेय. कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी मी काय चुकायचे ते सांगते कारण बहुतेक जण तेच करतात. परत आल्यावर पहिल्या रविवारी रात्री मी एक भारी टाइमटेबल करायचे. उद्यापासून 5 ला उठणार, चालायला जाणार, 24 सूर्यनमस्कार, साखर बंद, मोबाईल रात्री 9 ला बंद, रोज खर्च लिहिणार, मुलांना रोज अर्धा तास वाचून दाखवणार. वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. सोमवारी हे सगळं केलं पण, खोटं नाही सांगत. मंगळवारी निम्मं. बुधवारी संध्याकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या झोप, घरी येऊन चकल्यांचा डबा मांडीवर, आणि मनात एकच वाक्य, जाऊ दे आता पुढच्या सोमवारपासून. असे तीन-तीन सोमवार गेलेत माझे.

मग एका वर्षी लक्षात आलं की माझ्या घरात या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या नाहीयेतच, त्या एकाच खुंटीला लटकवलेल्या आहेत. आणि ती खुंटी सकाळची नाहीये. ती आहे रात्री साडेनऊला ओटा पुसून होणं. हसू नका. ओटा साडेनऊला पुसला की उद्याच्या भाजीचं बघितलं जातं, मटकी किंवा चवळी भिजत पडते, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, मग करण्यासारखं काही उरत नाही म्हणून साडेदहाला पाठ टेकते, म्हणून पावणेसहाला जाग येते, म्हणून चालायला जायला वेळ मिळतो. आणि गावाला काय होतं, तर जेवणंच अकराला. मग बाकी सगळं आपोआप घसरतं. मी मात्र इतकी वर्षं सकाळचा अलार्म बदलत बसले होते.

तर पहिलं काम हे, की आपली खुंटी शोधायची. त्यासाठी मागचा चांगला चाललेला आठवडा आठवा, म्हणजे गणपतीनंतर वगैरे जेव्हा सगळं नीट सुरू होतं तेव्हाचा, आणि स्वतःला विचारा की पहिली कुठली गोष्ट सुटली आणि मग बाकीच्या तिच्या मागून गेल्या. माझ्या नणंदेचं काम घरूनच असतं, तिची खुंटी म्हणजे आठच्या आत आंघोळ. ती म्हणते आंघोळ राहिली की दुपारी दोनपर्यंत मी गाऊनमध्येच आणि दिवसभर नुसती चिडचिड. एक मैत्रीण गाणं शिकते, तिचा तानपुरा गवसणीत घालून कपाटावर गेला की रियाज गेला, खोलीत कोपऱ्यात उभा असला की रोज वीस मिनिटं तरी बसते. नवऱ्याचं असं आहे की चालायचे बूट दाराशी असले तर तो जातो, चपलांच्या स्टँडमध्ये आत गेले तर नाही जात, या माणसाच्या आरोग्याचा सगळा कारभार त्या दोन फुटांवर अवलंबून आहे. प्रत्येकाची वेगळी असते, पण असते. आणि पहिला आठवडाभर फक्त तीच धरायची. बाकीचं झालं तर झालं, नाही झालं तर आत्ताच त्याचा हिशोब मांडायचा नाही.

परत आल्याचा पहिला दिवस

शक्य असेल तर सुट्टी संपायच्या एक दिवस आधी घरी या. मला माहितीये तो शेवटचा दिवस सोडवत नाही, सासूबाई पण म्हणतात अगं एक दिवस राहा की अजून, पण रविवारी रात्रीची गाडी पकडून सोमवारी पहाटे उतरून तसंच ऑफिसला जायचं हे मी केलंय आणि त्या आठवड्याचं पुढे काही होत नाही. शनिवारी या. रविवार आपला ठेवा.

आल्या आल्या बॅगा रिकाम्या करायच्या, त्याच दिवशी. हॉलमध्ये चेन उघडी पडलेली बॅग जोपर्यंत दिसतेय तोपर्यंत घर सुट्टीवरच असतं, आमच्याकडे एकदा ती तुळशीच्या लग्नापर्यंत तशीच होती आणि त्यातूनच रोज टॉवेल काढत होतो. मशीन लावा, युनिफॉर्म बघा (मुलीचा दहा दिवसांत आखूड झालेला असतो, कसा काय देव जाणे), शाळेच्या दप्तरात सुट्टीआधीचा डबा राहिलाय का तेही बघा. राहिला असेल तर धीर धरून उघडा.

मग बाजार. कामवाल्या मावशी पण गावाला गेलेल्या असतात आणि बऱ्याचदा आपल्यानंतर दोन-चार दिवसांनी येतात, हे धरूनच चाला. म्हणून पहिल्या आठवड्याचं जेवण एकदम सरळ ठेवायचं. आमच्याकडे ठरलेलं आहे, एक दिवस मुगाची खिचडी-कढी, एक दिवस पिठलं-भाकरी, एक दिवस उसळ, एक दिवस आमटी-भात आणि कोशिंबीर, बाकी दोन दिवस जी भाजी मिळेल ती. या दिवसांत हिरवे मटार, वालाच्या शेंगा, पावटा यायला लागतात, निवडून सोलून ठेवायचं काम मुलांना द्या, टीव्हीसमोर बसून का होईना करतात. मटकीचं एक सांगते, रात्री भिजवली की सकाळी उपसून फडक्यात बांधायची, पण थंडीत मोड यायला वेळ लागतो, त्यामुळे बुधवारच्या उसळीसाठी सोमवारी रात्रीच भिजवा, नाहीतर ऐनवेळी बिनमोडाची मटकी बघून ऑनलाइन ऑर्डर जाते आणि मग ऑर्डरचीच सवय लागते.

फराळाच्या डब्यांचं काय

हा खरा प्रश्न आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही. सुट्टीत आपण जेवढं खातो ना, त्याहून जास्त सुट्टी संपल्यावर उरलेल्या फराळाने वाट लागते. करंज्या आणि लाडू संपतात, ते सगळ्यांनाच आवडतात. उरतो तो चिवडा, शंकरपाळी आणि थोड्या मऊ पडलेल्या चकल्या, आणि ते "संपवायचं" म्हणून खाल्लं जातं, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर वाटीभर, मग साडेआठला भूक नाही, मग जेवण दहाला, आणि गेली की नाही माझी साडेनऊची खुंटी! म्हणजे चिवड्याने माझा मॉर्निंग वॉक बंद पाडला असं म्हटलं तरी चालेल.

मी आता काय करते, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळे डबे ओट्यावर काढते. एका छोट्या डब्यात घरासाठी, तो रविवारपुरता. एक पिशवी ऑफिसला, एक वॉचमनकाकांना, एक मावशींना त्या आल्या की. मऊ चकल्या मंद गॅसवर तव्यात किंवा ओव्हनमध्ये थोड्या गरम केल्या की परत कुरकुरीत होतात, पण खरं सांगू, दिलेल्या बऱ्या. वास आलेलं तळण मात्र कोणालाच देऊ नका, ते टाका आणि टाकताना वाईट वाटून घेऊ नका. सासूबाईंना फोनवर सांगायचं, संपला हो फराळ, सगळ्यांना आवडला. हे खरंच असतं, फक्त "सगळे" म्हणजे कोण ते सांगायचं नाही.

झोप

इथे जरा थांबून सांगते कारण लोक याच ठिकाणी स्वतःला शिव्या घालतात. नोव्हेंबरात मुंबईकडे सूर्य उगवतो पावणेसातच्या आसपास, जूनमध्ये तो सहालाच वर आलेला असतो. म्हणजे जून महिन्यात तुम्ही पावणेसहाला उठत होतात तेव्हा फटफटलेलं होतं आणि आता त्याच वेळेला बाहेर मिट्ट काळोख आहे. पुढे जानेवारीच्या मध्यापर्यंत तर सूर्य अजून उशिरा, सव्वासातच्या सुमाराला येतो. त्यामुळे उठवत नाही यात तुमचा आळस थोडाच आहे, बराचसा अंधार आहे. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की ते पुढे सरकतं आणि रात्री लवकर झोप येते, रात्री उशिरापर्यंत उजेड आणि मोबाईल असला की ते मागे जातं. एवढं एकच समजून घेतलं तरी अर्धं काम होतं.

म्हणून झोपायची वेळ जबरदस्तीने बदलायला जाऊ नका, ती बदलत नाही, नुसतं छताकडे बघत पडून राहायचं होतं. उठायची वेळ बदला. आणि ती पण एकदम नाही. सुट्टीत आठला उठत असाल तर उद्या साडेसात-पावणेआठ, परवा त्याहून पंधरा-वीस मिनिटं आधी, असं करत आठवड्याभरात जागेवर येतं. पण ऑफिस तर सोमवारीच असतं, मग कसं? म्हणून तर म्हटलं, सुट्टीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांतच गावाला असतानाच हे सुरू करायचं. गावाला ते सोपं पण असतं, कोंबडे असतात, सासरे पाचला उठून बंब पेटवतात, अंगणात उजेड असतो. मी हल्ली शेवटचे तीन दिवस सकाळी त्यांच्याबरोबरच चहा घेते, एरवी आमचं दोघांचं वर्षभरात जेवढं बोलणं होत नाही तेवढं त्या तीन सकाळी होतं.

घरी आल्यावर उठल्या उठल्या ट्यूबलाइट लावा आणि उजाडलं की गॅलरीत किंवा खाली दहा मिनिटं जा, चहाचा कप घेऊन गेलात तरी चालेल. दुपारची झोप सुट्टीच्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नको, रविवारी आमटी-भातावर दोन तास ताणून दिली की रात्री एक वाजतो आणि सोमवार परत खड्ड्यात. आणि संध्याकाळचा चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, त्यामुळे सातला घेतलेला कडक चहा मध्यरात्री पण थोडा शिल्लक असतो. मी साडेचारनंतर बंद केला. सहा-सातला घरी येऊन चहा नाही म्हणजे शिक्षाच आहे, पहिले चार दिवस डोकं दुखलं, आता गवती चहाची पात उकळून नुसतं पाणी पिते, दूध-साखर काही नाही. नवरा त्याला "गरम गवत" म्हणतो.

व्यायाम, म्हणजे अर्धाच करा

दोन वर्षांपूर्वी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी थेट 24 सूर्यनमस्कार घातले, कारण जायच्या आधी घालत होते ना. तिसऱ्या दिवशी स्टेशनच्या जिन्यावर उतरताना रेलिंग धरून एकेक पायरी. मांड्या अशा भरल्या होत्या की बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली तर मला बसता येईना आणि बसले तर उठता येईना. असं दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. ते गेलं चार दिवसांत, पण मनात धाक बसला आणि पुढचे दहा दिवस काहीच केलं नाही.

होतं असं की दोन ते चार आठवडे काहीच व्यायाम केला नाही तर आधी दम कमी होतो, म्हणजे तेवढंच चालून जास्त धाप लागते. स्नायूंची ताकद त्यापेक्षा जास्त दिवस टिकते. त्यामुळे डोक्याला वाटतं मला येतंय सगळं आणि छाती म्हणते थांब जरा. आठ-दहा दिवसांच्या सुट्टीने फार काही जात नाही, काळजी करू नका, पण गणपतीपासूनच सुटलं असेल तर मग हळू. पहिल्या आठवड्यात आधीच्या अर्धं करायचं. 24 घालत होतात तर 12 घाला, नाही 6 घाला, आणि दर दोन दिवसांनी दोन-दोन वाढवा. 40 मिनिटं चालत होतात तर 20. संपल्यावर "अजून थोडं जमलं असतं" असं वाटलं पाहिजे, त्या वाटण्यावरच माणूस दुसऱ्या दिवशी परत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे 30 मिनिटं पाच दिवस, तिथे दोन-तीन आठवड्यांत पोचलात तरी पुष्कळ आहे. सुट्टीत ताप, डेंग्यू, चिकनगुनिया असं काही झालं असेल किंवा छातीत-गुडघ्यात काही वेगळं जाणवत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बूट.

पोरांचं थोडक्यात सांगते. दिवाळीचा अभ्यास शेवटच्या रात्री करून घेण्यात रात्रीचे बारा वाजतात आणि घराची शांतता जाते, म्हणून गावाला जातानाच वही पिशवीत टाका आणि रोज एक पान, आंघोळीनंतर, फराळाच्या आधी. आधी पान मग करंजी. आमच्याकडे हा नियम चौथीतल्या मुलीवर चालतो, आठवीतल्यावर चालत नाही, त्याला मोबाईलच्या बदल्यात करावं लागतं आणि त्याचा उपाय मला सापडलेला नाही.

पैशांचं पण एक, आल्यावर एकदा बसून दिवाळीत किती गेले ते लिहून काढायचं, एकाच बैठकीत, चहा वगैरे घेऊन. रोजचा खर्च लिहिणं त्यानंतर सुरू करा. मागचं न लिहिता वही उघडली की ती उघडावीशीच वाटत नाही.

एक दिवस चुकला तर

चुकणारच. मेगाब्लॉक असतो, कोणाचं तरी लग्न निघतं, मुलीला ताप येतो. 21 दिवस सलग केलं की सवय लागते असं जे सगळीकडे फिरतं ना, ते मुळात मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं, आणि ते त्याच्या पेशंटना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात अशा अर्थाने होतं. सूर्यनमस्काराशी त्याचा काय संबंध. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांना रोज एक साधी गोष्ट ठरावीक वेळेला किंवा ठरावीक कामानंतर करायला लावून 12 आठवडे बघितलं, 2010 मध्ये ते छापून आलं. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला 66 दिवस, पण कोणाला 18 तर कोणाला 254 असा अंदाज. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसा काही फरक पडला नाही.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः सुस्कारा सोडला, कारण माझा सगळा घोळ त्या चुकलेल्या बुधवारीच व्हायचा. चुकला म्हणजे मोडलं, मोडलं म्हणजे आता सोमवारपासून. आता मी एवढंच बघते की लागोपाठ दोन दिवस जाऊ द्यायचे नाहीत. बुधवार गेला तर गुरुवारी काहीतरी करायचं, दोन सूर्यनमस्कार, सोसायटीला एक चक्कर, ओटा पूर्ण नाही तर निदान गॅसभोवतीचा. याला आमच्याकडे "हजेरी" म्हणतात. कामाचं माप बघायचं नाही, हजेरी लागली पाहिजे. कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने टिंब करते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच, त्यामुळे दूधवाल्याचा हिशोब करताना माझा पण होतो.

आणि हे धरूनच चाला की पुढे सगळी रांग लागलेली आहे. तुळशीची लग्नं, मग माणसांची लग्नं, चंपाषष्ठीला आमच्याकडे भरीत-रोडगा असतो तेव्हा पंधरा माणसं जेवायला, मार्गशीर्षातले गुरुवार, नाताळची सुट्टी, संक्रांतीची हळदीकुंकवं. नीट मोकळा महिना मिळेल मग सुरू करू असं म्हणाल तर तो महिना मला अजून पंचांगात सापडलेला नाही. त्यापेक्षा प्रत्येक गोष्टीचं एक छोटं रूप आधीच ठरवून ठेवा, पाहुणे असतानाचं. पूर्ण चालणं नाही तर दूध आणायला पायी जाणं. पूर्ण रियाज नाही तर नुसता षड्ज लावणं. मैत्रीण म्हणते पाहुण्यांना पण तेवढंच सोसतं.

बरं, साडेनऊ होत आले, ओट्यावर अजून पिठल्याची कढई आहे आणि मटकी भिजवायची राहिलीये. चिवड्याचा डबा पण वरच दिसतोय, तो उद्या ऑफिसला जाणार आहे, त्याआधी एक मूठ.